पाया कुठला म्हणता, काका?

ए ३०२: नमस्कार मंडळी. जरा सल्ला हवाय. आमची धाकटी ७ वर्षांची, थोरला १४ चा. दोघांनाही डान्स शिकायचाय. धाकटी सोमवारी बॅले म्हणते, गुरुवारी कथक. थोरला नुसतं "हिप-हॉप" म्हणतो आणि दार लावून घेतो. सुरुवात कशाने करावी?

सी १०१ काका: आधी क्लासिकल. पाया पक्का झाला की पुढे वाट्टेल ते करता येतं. आमची कन्या ८ वर्षं भरतनाट्यम शिकली.

बी ७०४ काकू: अगदी बरोबर. पाया हवाच.

डी ५०३: २ नंबरची लिफ्ट परत बंद आहे का?

अ‍ॅडमिन: मेंटेनन्सच्या ग्रुपवर टाका हो.

बी २०१ ताई: काका, रागावू नका, पण या पायाबद्दल मला बोलायचंच आहे. मी ११ वर्षं कथक केलं. मग कंटेम्पररीच्या, म्हणजे आधुनिक मोकळ्या नाचाच्या क्लासला गेले, छाती पुढे काढून, आपल्याला सगळं येतं अशा थाटात. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, गुडघे सोड, पाठ सोड. मला सोडताच येईना! कथकमध्ये आम्ही सरळ उभे असतो आणि अख्खा तळवा जमिनीवर मारतो. भरतनाट्यमची मुलगी सुरुवातच अर्ध्या बैठकीत करते, अरमंडीत, गुडघे दोन्ही बाजूंना उघडून. बॅलेत पाय खुब्यापासून बाहेर वळवायचे आणि सगळं अंग वर ओढायचं, जणू जमिनीशी भांडण आहे. हिप-हॉपमध्ये उलटं, अंगाचं वजन खाली सोडायचं, ठेका गुडघ्यात घ्यायचा. आता यातला कुठला पाया कुठल्या इमारतीचा? मला ती ताठ पाठ विसरायला दीड वर्ष लागलं.

सी १०१ काका: म्हणजे आमची ८ वर्षं पाण्यात?

बी २०१ ताई: अहो नाही काका! तालाचा कान तयार होतो, पाठांतर होतं, एकच गोष्ट रोज न कंटाळता करायची सवय लागते. हे कुठेही गेलं तरी कामाला येतं. पण ती ८ वर्षं टिकली कारण तिला भरतनाट्यम आवडलं. पाया म्हणून कोंबलं असतंत तर ८ महिन्यांत पळाली असती.

सी १०१ काका: हे मात्र खरं. सुट्टीतसुद्धा खाडा करायची नाही.

बी ७०४ काकू: पण ते हिप-हॉप वगैरे... रस्त्यावरचा नाच तो. घरातल्या मुलांनी कशाला?

सी ६०२: काकू, मी ब्रेकिंग करतो, हिप-हॉपमधलाच एक नाच 🙂 रस्त्यावरचा आहेच, आम्हाला त्याचा अभिमान आहे. सुरुवात १९७३ च्या ऑगस्टमधली, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली. कूल हर्क नावाच्या डीजेने बहिणीच्या पार्टीत गाण्यातला फक्त तालाचा तुकडा दोन रेकॉर्ड आलटून पालटून लावत लांबवला. त्या तुकड्याला 'ब्रेक' म्हणायचे, म्हणून त्यावर नाचणारे ब्रेकर. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा होतं.

बी २०१ ताई: आणि काकू, भरतनाट्यमबद्दलही एकेकाळी हेच बोललं जायचं, बरं का. 'चांगल्या घरच्या' मुलींनी शिकायचं नाही म्हणे. रुक्मिणीदेवी अरुंडेलनी १९३५ मध्ये मंचावर नृत्य केलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था सुरू केली. आज आपण त्याच नाचाला पाया म्हणतोय!

बी ७०४ काकू: हे माहीत नव्हतं हो.

ए ३०२: सी ६०२ दादा, थोरल्याला नक्की काय शिकायचंय हे कसं कळणार? विचारलं की खांदे उडवतो.

सी ६०२: "हिप-हॉप" असं सरसकट विचारू नका, त्यात चार-पाच वेगवेगळी घरं आहेत. पॉपिंग म्हणजे स्नायू झटक्यात आवळायचा आणि सोडायचा, हाताला करंट लागल्यासारखं दिसतं. लॉकिंगमध्ये चालू हालचालीत एकदम कुलूप लागल्यासारखं थांबायचं आणि परत सुटायचं, थोडं विनोदी असतं. ब्रेकिंग जमिनीवर, हातांवर वजन. बऱ्याच क्लासमध्ये हिप-हॉपच्या नावाखाली नुसती गाण्यावर बसवलेली स्टेप शिकवतात, त्यात हे काहीच नसतं. त्याला म्हणावं, रविवारी सकाळी खाली ये, आम्ही तिघं-चौघं असतो. आई-बाबांनी मात्र बघायला यायचं नाही, प्लीज.

ए ३०२: 🙈 नाही येत.

ए ३०२: पण मनगटाला काही होणार नाही ना?

सी ६०२: आम्ही आधी १५ मिनिटं मनगटं आणि खांदेच गरम करतो. डोक्यावर फिरणं वगैरे पहिल्या वर्षी विसरा.

ई ४०१ (फिजिओ): थोडं माझंही ऐका. १३-१४ व्या वर्षी मुलं झपाट्याने उंच होतात. हाडं पुढे जातात, स्नायू मागे राहतात. मग काल जमणारं आज जमत नाही, गुडघ्याच्या खाली नाहीतर टाचेत दुखायला लागतं. मूल आळशी झालेलं नसतं. दुखणं आठवडाभर राहिलं तर उड्या थांबवा आणि दाखवून घ्या. आणि स्प्लिटसाठी, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर सरळ फाकवून बसण्यासाठी, कुणी पाठीवर बसून दाबत असेल तर त्याच क्षणी मुलाला उठवून घरी आणा. मी अशी दोन मुलं तपासली आहेत, जास्त बोलत नाही.

ए ३०२: बापरे. आणि धाकटीच्या बॅलेचं काय? तिला ते टोकावर उभं राहायचे गुलाबी बूट हवेत.

ई ४०१ (फिजिओ): मऊ सपाट बूट घालून खुशाल शिकू दे. टोकाचे बूट, पॉइंट शूज, साधारण ११-१२ च्या आधी नाहीत. तेही नुसतं वय बघून नाही. आधी काही वर्षं नीट बॅले झालेलं हवं, घोट्यात आणि पावलात ताकद हवी. ७ व्या वर्षी जो देईल त्याला बॅले कळत नाही. आणि फरशी बघा. काँक्रीटवर चिकटवलेल्या टाइल्सवर रोज उड्या मारणं वाईट. खाली पोकळी असलेली, थोडी उसळणारी लाकडी जमीन उत्तम.

बी ७०४ काकू: क्लासिकलला परीक्षा असतात ना?

बी २०१ ताई: हो, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या असतात, प्रारंभिक, प्रवेशिका असं करत विशारद, अलंकारपर्यंत. पण ७ व्या वर्षी परीक्षेचं नावसुद्धा काढू नका.

सी १०१ काका: मग क्लास चांगला की नाही हे ओळखायचं कसं? मला नातवासाठी विचारायचंय. त्याला कथक शिकायचंय म्हणतो. जावईबापू गप्प आहेत.

बी २०१ ताई: वा काका! जावईबापूंना सांगा, कथकचे एवढे मोठे गुरू बिरजू महाराज, त्यांचे वडील आणि दोन्ही काकासुद्धा कथकच करायचे. क्लासचं म्हणाल तर वार्षिक कार्यक्रमाचा व्हिडिओ बघू नका, तो सगळ्यांचाच छान असतो. कुठल्याही साध्या मंगळवारी जाऊन बसा. मागच्या रांगेतल्या मुलाकडे शिक्षकांचं लक्ष जातं का बघा. सहा महिने एकच गाणं घोटत असतील तर नको. आणि बसूच देत नसतील तर अजिबातच नको.

ए ३०२: ताई, धाकटीला एकदा तुम्हीच बघाल का? म्हणजे आवड आहे का ते तरी कळेल.

बी २०१ ताई: आणा ना. पण आजच एक गंमत करा. तिला अनवाणी उभी करा. उजवा, डावा, उजवा, डावा: ता थेई थेई तत्. मग डाव्यापासून: आ थेई थेई तत्. डावा, उजवा, डावा, उजवा. झाले आठ ठोके. दोनदा केलं की सोळा, म्हणजे तीनताल या तालाचा एक पूर्ण फेरा. गोम अशी, की चौथा ठोका डावा आणि पाचवाही डावाच. सगळी मुलं तिथे हमखास अडखळतात. अडखळल्यावर ती चिडते, सोडून देते की "थांब, परत" म्हणते, तेवढंच बघा.

ए ३०२: करून बघते.

अ‍ॅडमिन: लिफ्ट चालू झाली आहे.

ए ३०२: ताई, पाऊण तास झाला. "थांब, परत" सोडून दुसरं काही बोलत नाहीये. जेवायलाही येईना. थोरला दार उघडून बघून गेला.

ए २०२ आजोबा: ए ३०२, वर काय चाललंय?

ए ३०२: सॉरी आजोबा! धाकटी आहे, लगेच थांबवते.

ए २०२ आजोबा: थांबवू नका. पाचव्यावर अजून चुकतेय. मी खालून मोजतोय.