सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही, यात तथ्य किती?

अबोली

मी पहिलटकरीण असून सध्या एकोणतिसावा आठवडा संपत आला आहे. मागच्या सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी कमी भरल्यामुळे डॉक्टरांनी गर्भ टिकवायला मदत करणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुरू केले, प्रवास बंद करायला सांगितले आणि दिवस भरण्याआधी प्रसूतीची लक्षणे दिसू लागली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शने द्यावी लागतील, अशी कल्पनाही दिली. घरी हे कळल्यापासून सासूबाई आणि आजेसासूबाई एकच गोष्ट परत परत सांगत आहेत: लवकर व्हायचेच असेल तर सातव्यात होऊ दे, आठव्यात नको, कारण सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही. आजेसासूबाईंचे पहिले मूल आठव्या महिन्यात जन्मून दुसऱ्याच दिवशी गेले होते, त्यामुळे मी त्यांच्याशी वाद घालू शकत नाही आणि घालू इच्छितही नाही.

मला समजून घ्यायचे आहे ते एवढेच, की या दोन महिन्यांत पोटातल्या बाळात नेमके काय घडत असते? सातव्यात तयार झालेला एखादा अवयव आठव्यात पुन्हा नाजूक होतो, असे काही असते का?

निशिगंध

अबोलीताई, मी नवजात शिशु विभागात काम करते आणि हा प्रश्न आमच्या दाराबाहेर बसलेल्या आज्यांकडून नेहमी ऐकते. थेट उत्तर असे, की गर्भाची वाढ एकाच दिशेने होते. निरोगी गर्भात एकदा तयार झालेली गोष्ट पुढच्या महिन्यात कच्ची होत नाही. म्हणून इतर सर्व परिस्थिती सारखी असेल, तर तेहेतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची स्थिती एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळापेक्षा चांगलीच असते.

अवयवांचा मूळ आराखडा फार लवकर पूर्ण होतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास दहाव्या आठवड्यापर्यंत हृदय, मेंदू, हातपाय, बोटे हे सारे आपापल्या जागी आलेले असते. त्यानंतरचा काळ त्या अवयवांच्या वाढीचा आणि ते स्वतंत्रपणे काम करण्याजोगे होण्याचा असतो. यात सर्वांत मागे राहते ते फुप्फुस, कारण पोटात असताना त्याला श्वसनाचे काम नसते. प्राणवायू वारेतून आणि नाळेतून मिळतो आणि फुप्फुसात हवेऐवजी द्रव भरलेला असतो.

फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या साधारण चोविसाव्या आठवड्यानंतर आकार घेऊ लागतात आणि त्याच सुमारास त्यांच्या भिंतीतल्या काही पेशी सर्फॅक्टंट नावाचा, या पिशव्यांना मिटून चिकटू न देणारा स्निग्ध पदार्थ बनवायला लागतात. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटल्या की ती उघडायला जशी झटापट करावी लागते, तशीच झटापट सर्फॅक्टंट अपुरे असलेल्या बाळाला प्रत्येक श्वासागणिक करावी लागते. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, बाळ कण्हल्यासारखा आवाज काढते आणि काही तासांत दमून जाते. हा पदार्थ पुरेसा साठायला बहुतेक बाळांना चौतीस ते पस्तीस आठवडे लागतात. आठव्या महिन्यातली काही बाळे पूर्वी दगावत ती याच कारणाने. सातव्यातली त्याहून कितीतरी अधिक दगावत, पण त्यांच्याबद्दल म्हण तयार झाली नाही.

याचे एक सर्वज्ञात उदाहरण सांगते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या थोडे वर होते, म्हणजे आमच्या विभागात ज्याची आज फारशी चिंता कोणी करणार नाही असे बाळ. तरीही फुप्फुसाच्या याच आजाराने ते दोन दिवसांच्या आत गेले, कारण त्या काळी प्राणवायू देण्यापलीकडे फारसे उपाय हातात नव्हते. या आजाराच्या मुळाशी सर्फॅक्टंटची कमतरता आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी १९५९ मध्येच दाखवले होते, परंतु उपचार यायला वेळ लागला. न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी यांनी आईला स्टेरॉइड दिल्यास बाळाचे फुप्फुस लवकर पक्व होते, हे १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सिद्ध केले. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली इंजेक्शने तीच.

फुप्फुसाखेरीज या आठवड्यांत वजन झपाट्याने वाढते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण एक किलो, बत्तिसाव्यात पावणेदोन आणि छत्तिसाव्यात अडीच किलोंच्या आसपास, असा सर्वसाधारण अंदाज धरता येईल. आपल्याकडची बाळे थोडी कमी भरतात. कातडीखाली चरबी साठते, ज्यामुळे जन्मानंतर अंगाची ऊब टिकते. आईच्या रक्तातली, रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि त्यांचा मोठा वाटा शेवटच्या काही आठवड्यांतच पोहोचतो. लोहाचा साठाही मुख्यतः याच काळात होतो, म्हणून आपल्या लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. मेंदूचे तर विचारूच नये. चौतिसाव्या आठवड्यात त्याचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांश असते.

जुनी वही

वैद्यकीय बाजू वर आलीच आहे. मी आयुर्वेद शिकवतो, म्हणून ही समजूत कुठून आली असावी याबद्दल थोडे लिहितो. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थान या विभागात महिनावार गर्भवाढीचे वर्णन आहे. सातव्या महिन्यात सर्व अंगे-उपांगे स्पष्ट होतात आणि आठव्यात ओज, म्हणजे शरीराचे मूळ बळ, अस्थिर असते, ते आई आणि गर्भ यांच्यात ये-जा करत राहते, म्हणून त्या महिन्यात जन्मलेले मूल टिकत नाही, असे तिथे म्हटले आहे. हाच विचार हिप्पोक्रेटिस या प्राचीन वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथसंग्रहातही आढळतो, तेव्हा ही केवळ आपल्या घरातल्या बायकांची भीती आहे असे समजून तिला हसण्याचे कारण नाही. मात्र त्या काळी आतल्या फुप्फुसाची स्थिती पाहण्याचे साधन नव्हते आणि आज ते आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांनाही मी स्पष्टपणे सांगतो.

महिने मोजण्यातला घोळही यात भर घालतो. कोणी चार आठवड्यांचा महिना धरतो, कोणी तारखेवरून मोजतो, तर कोणी पाळी चुकली त्या दिवसापासून. त्यामुळे एकच बाळ एका घरात सातव्यातले आणि दुसऱ्या घरात आठव्यातले ठरू शकते. शिवाय लग्नानंतर सात महिन्यांनी जन्मलेली, तीन किलोंची गुटगुटीत ‘सातव्या महिन्यातली’ बाळे प्रत्येक गावाने पाहिलेली आहेत. त्यांच्या जगण्याचे श्रेय सातव्या महिन्याला देणे सर्वांच्याच सोयीचे होते.

रानजाई

माझी मुलगी तेहेतिसाव्या आठवड्यात झाली, म्हणजे तारखेवरून मोजल्यास आठव्यातच, आणि आता ती शाळेत जाते. मी केवळ एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छिते, कारण त्याची कल्पना आम्हाला कोणी आधी दिली नव्हती. ती स्वतःहून व्यवस्थित श्वास घेत होती, रडत होती, तरीही तिला अंगावर पाजता येईना. दोन-तीनदा चोखून ती श्वास घ्यायची विसरल्यासारखी थांबे आणि ओठ निळसर होत. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो, असे परिचारिकेने समजावले. तोवर काढलेले दूध नाकातून घातलेल्या बारीक नळीने देत आणि दिवसातला बराच वेळ तिला माझ्या उघड्या छातीशी बांधून ठेवत. बाळाच्या डोळ्यांची तपासणीही विसरू नका, कारण दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या पूर्ण दिवस भरेपर्यंत वाढतच असतात. आपल्याकडे चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची ही तपासणी पहिल्या महिन्याच्या आत करतात.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. निशिगंधताईंना आणखी एक विचारते: हा उपाय इतका गुणकारी असेल, तर ती इंजेक्शने आताच घेऊन टाकणे शहाणपणाचे नाही का? आमचे गाव तालुक्यापासून दूर आहे, म्हणून हा विचार मनात येतो.

निशिगंध

नाही, केवळ खबरदारी म्हणून ती आधीच घेऊन ठेवू नयेत. त्यांचा सर्वाधिक उपयोग इंजेक्शने सुरू केल्यापासून चोवीस तासांनंतर ते सात दिवसांच्या आत प्रसूती झाली तर होतो. पुढे परिणाम ओसरत जातो आणि वारंवार मात्रा देणे गर्भाच्या वाढीच्या दृष्टीने इष्ट नसते. म्हणून डॉक्टर प्रसूती जवळ आल्याची लक्षणे दिसेपर्यंत थांबतात. आपल्याला मधुमेह असल्यास हे आधी सांगावे, कारण या औषधाने आईची साखर काही दिवस वाढते.

अंतराचा आपला मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. शक्य असल्यास पुढचे काही आठवडे नवजात शिशूंसाठी अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयाजवळ, नातेवाइकांकडे राहावे. अनेक जिल्हा रुग्णालयांतही असा कक्ष असतो. कमी दिवसांच्या बाळाला जन्मानंतर गाडीतून हलवण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच हलवणे केव्हाही सुरक्षित. कंबर थांबून थांबून दुखू लागली, ओटीपोट दर काही मिनिटांनी कडक होऊ लागले, पाणी गेले, रक्त दिसले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट न पाहता निघावे. सोनोग्राफीचे सर्व अहवाल आणि रक्तगटाचा कागद एका पिशवीत तयार ठेवावा, आणि ती पिशवी कुठे आहे हे सासूबाईंनाही ठाऊक असावे.