स्पेस स्टेशन १३: नकाशाची कड ओलांडली की कुठे?

बारक्या: दादा, काल स्पेस स्टेशन १३ या गेममध्ये स्टेशनच्या पूर्वेच्या एअरलॉकमधून, म्हणजे हवाबंद दारातून, बाहेर पडलो, तरंगत तरंगत गेलो आणि एकदम कुठलं तरी मोडकं जहाज समोर. स्टेशनचा पत्ताच नाही. नकाशा संपत नाही का कधी?

दादा: संपला, म्हणून तर तू दुसऱ्यात गेलास. तिथे सलग अवकाश नाहीच. २५५ बाय २५५ चौकटींचे वेगवेगळे नकाशे आहेत, झेड-लेव्हल म्हणतात त्यांना. स्टेशन एकावर, बाकीच्यांवर जुने अवशेष नाहीतर नुसती पोकळी. पूर्वेच्या कडेला पोचलास की गेम तुला शेजारच्या लेव्हलच्या पश्चिम कडेला आणून सोडतो.

ताई: आणि शेजारी लेव्हलच नसेल तर?

दादा: मग त्याच रांगेच्या पार दुसऱ्या टोकाची लेव्हल. टीजीस्टेशन म्हणून या गेमची एक आवृत्ती आहे, तिच्या कोडमध्ये तसंच आहे. या लेव्हल जाळीवर कशाही मांडल्या जातात, मांडणी दर राउंडला बदलते. त्यामुळे कालचा रस्ता पाठ करून उपयोग नाही.

काका: हे तर १९६२ च्या स्पेसवॉर या गेमसारखं झालं! पीडीपी-१ या जुन्या संगणकावर दोघांनी खेळायचा. यान पडद्याच्या उजवीकडून गेलं की डावीकडून हजर. म्हणजे पृथ्वीसारखं गोलच ना?

दादा: नाही काका. पृथ्वीवर उत्तर ध्रुव ओलांडला म्हणून कोणी दक्षिण ध्रुवावर निघत नाही, पलीकडच्या रेखांशावरून खाली उतरतो. स्पेसवॉरमध्ये वर गेलं की खालून. तो आकार सायकलच्या ट्यूबचा. आपल्या गेममध्ये तर लेव्हलच्या रांगा कमीजास्त लांबीच्या, म्हणून तेवढाही सरळ हिशोब नाही.

बारक्या: पाठीवरच्या जेटपॅकमधला गॅस संपला तर मेलोच मग 😟

दादा: अजिबात नाही, हे नीट वाच. पोकळीत एकदा ढकलला गेलास की कशावर तरी आदळेपर्यंत जातच राहतोस. पूर्व-पश्चिम जाताना तुझा वाय, म्हणजे नकाशावरचा दक्षिण-उत्तर आकडा, बदलत नाही, लेव्हल बदलली तरी. वाय १३० ला बाहेर पडलास, वाटेत काही आडवं आलं नाही, तर रांग पुरी करून वाय १३० लाच स्टेशनच्या पश्चिमेला येशील. लोक घाबरून मध्येच वळतात आणि तिथेच घात होतो. वाय २४० ला गेलास की स्टेशनच्या लेव्हलवरून जाऊनही स्टेशन दिसायचं नाही.

ताई: आणि वळलाच असेल तर?

दादा: आलास तसाच उलटा जा. आधी पूर्वेला, मग उत्तरेला गेला असशील तर आधी दक्षिण, मग पश्चिम. क्रम बदललास तर भलत्याच लेव्हलवर निघशील, कारण जाळी चौकोनी असेलच असं नाही. आणि ऑक्सिजन बघ. लांब रांगेत पूर्ण फेरी मारण्यापेक्षा मागे फिरणंच बरं.

बारक्या: आज गेममधलं जागा दाखवणारं जीपीएस घेऊनच निघतो.

दादा: घे. आणि एअरलॉक उघडायच्या आधी एक्स (पूर्व-पश्चिम), वाय आणि झेड (लेव्हलचा क्रमांक) तिन्ही आकडे लिहून ठेव.