उणे पाणी आणि रोहित पक्षी

"उजनी उण्यात गेली म्हणजे तळं आटलं, मग रोहित येतात कशाला?" भीमा नदीवरच्या उजनी धरणाबद्दल आणि तिथे येणाऱ्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांबद्दल हा प्रश्न आमच्या सोलापुरात दर उन्हाळ्यात ऐकू येतो, म्हणून थोडं लिहितो.

उणे म्हणजे कोरडं नाही. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास मृत साठा, म्हणजे तळाचं, एरवी वापरासाठी न धरलेलं पाणी. धरणाची टक्केवारी या साठ्याच्या वरच्या पाण्याचीच असते. पाणी त्या पातळीखाली गेलं की टक्केवारी उण्यात मोजतात, पण मागे भला मोठा जलाशय असतोच.

आता पक्ष्यांचं. भीमेचं खोरं इथे पसरट, काठाचा उतार अगदी कमी. त्यामुळे पाणी हातभर उतरलं तरी लांबवर चिखल उघडा पडतो, आणि रोहिताला हवं असतं ते हेच उथळ पाणी. तो चोच उलटी धरून पाणी आत घेतो नि बाहेर ढकलतो; चोचीतल्या जाळीत शेवाळ, बारीक किडे अडकतात. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. भरलेल्या धरणात त्याला उभं राहायलाही जागा मिळत नाही! तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस मात्र हिवाळ्यातच दिसतील.

उघड्या पडलेल्या त्याच जमिनीवर गाळपेरही (ओल्या गाळात केलेली पेरणी) होते. शेतकऱ्याची गरज मी जाणतो. तरी नांगर अगदी पाण्याच्या कडेपर्यंत नेऊ नये, थोडा चिखल पाखरांसाठी सोडावा, असं मला मनापासून वाटतं. जलाशयाकाठच्या भिगवण, कुंभारगावला नावाडी बांधवांची चूल ही पाखरं बघायला येणाऱ्यांवरच पेटते.