वर्तमानपत्रातील जाहिरातीला मोबाइल संदेशांची जोड : क्यूआर कोड, मिस्ड कॉल की एसएमएस?

प्रश्न (कृषी सेवा केंद्र, सेलू, जि. परभणी)

नमस्कार. आमच्या दुकानात ठिबक व तुषार संच, पाइप आणि बियाणे यांची विक्री होते. दरवर्षी मृगाच्या आधी आम्ही दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत जाहिरात देतो आणि आठवडी बाजाराच्या दिवशी पेपरमध्ये पत्रकेही टाकतो. जाहिरातीचा दर चौरस सेंटीमीटरवर असल्यामुळे जागा बेताचीच घ्यावी लागते, आणि त्या जागेत दुकानाचे नाव, पत्ता व कंपनीचे चिन्ह बसवले की शेतकऱ्याला खरोखर हवी असलेली माहिती बाहेरच राहते. एकरी खर्च किती येईल, अनुदान बसेल का, महाडीबीटी या राज्याच्या योजनांच्या संकेतस्थळावर अर्ज करताना कोणती कागदपत्रे लागतील, हे प्रश्न दुकानात रोज विचारले जातात; पण यांची उत्तरे छापायची म्हटली तर पाव पानही पुरणार नाही.

दुसरी अडचण अशी की, कोणत्या जाहिरातीमुळे गिऱ्हाईक आले हे कळत नाही. "पेपरात पाहिलं" एवढेच लोक सांगतात. ते पेपरात होते की पत्रकात, परभणीच्या आवृत्तीत की जालन्याच्या, याचा पत्ता लागत नाही. म्हणून यंदा छापील जाहिरातीत मोबाइलवरून संपर्काची सोय द्यावी आणि उरलेली माहिती संदेशाने पाठवावी, असा विचार आहे. क्यूआर कोड, मिस्ड कॉलचा क्रमांक आणि विशिष्ट शब्द एसएमएस करण्याची पद्धत यांपैकी आपल्या भागात काय चालेल? आणि असे संदेश पाठवताना नियमांची अडचण कोठे येते? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर १ (जाहिरात मांडणी व छपाई, लातूर)

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या जाहिराती आम्ही मोठ्या प्रमाणावर करतो आणि त्यांत क्यूआर कोड आता जवळजवळ प्रत्येकाला हवा असतो, म्हणून त्याबद्दल आधी लिहितो. हा कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये कारखान्यातील सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. तेथे छपाई स्वच्छ असे. आपला पेपर मात्र पातळ, शाई शोषणाऱ्या कागदावर वेगाने छापला जातो, शाई थोडी पसरते आणि चार रंगांच्या प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी चौकटींच्या कडा धूसर होतात. त्यामुळे कोड नेहमी फक्त काळ्या शाईत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर घ्यावा, भोवती चार चौकटींएवढी कोरी जागा सोडावी आणि पेपरची घडी जेथे पडते तेथे तो कधीही ठेवू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोडमध्ये किती मजकूर भरता. व्हॉट्सॲपचा थेट दुवा आणि त्यापुढे देशाच्या क्रमांकासह तुमचा मोबाइल क्रमांक, एवढेच घेतले तर २६ अक्षरे होतात आणि मध्यम दुरुस्तीक्षमतेचा (म्हणजे थोडा भाग खराब झाला तरी वाचता येणारा) कोड २५ गुणिले २५ चौकटींत बसतो. ग्राहकाच्या फोनवर आपोआप टाइप होऊन येणारा मजकूर दुव्याला जोडता येतो, आणि येथेच अनेकांचा घोटाळा होतो. तो मजकूर देवनागरीत दिला की दुव्यात प्रत्येक चिन्हाची नऊ इंग्रजी अक्षरे होतात. "नमस्कार" हा चार अक्षरी दिसणारा शब्द संगणकाच्या लेखी सात चिन्हांचा आहे, म्हणजे तो एकटा ६३ जागा खातो आणि कोड ४१ गुणिले ४१ चौकटींवर जातो. तीन सेंटीमीटरच्या जागेत, कोरी कड धरून, त्यातली एक चौकट जेमतेम ०.६ मिलीमीटरची उरते. पेपरच्या कागदावर आणि जुन्या फोनच्या कॅमेऱ्याला हे जड जाते.

म्हणून आपोआप येणारा मजकूर रोमन लिपीतील दोन अक्षरे आणि एक आकडा एवढाच ठेवावा. परभणी आवृत्तीला "PB1", जालन्याला "JL1", पत्रकाला तिसरी खूण. कोड २९ गुणिले २९ मध्ये बसतो, चौकट सुमारे ०.८ मिलीमीटरची मिळते, आणि आलेला प्रत्येक संदेश कोणत्या जाहिरातीतून आला हे त्या खुणेवरून लगेच कळते. तुमच्या दुसऱ्या अडचणीवर माझ्या मते हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उत्तर २ (एसएमएस सेवा, नांदेड)

वरील माहिती अचूक आहे. मी नियमांबद्दल लिहितो, कारण आपल्याकडचे बरेच व्यापारी त्यांकडे दुर्लक्ष करतात आणि मग क्रमांक बंद झाल्यावर धावाधाव करतात. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१८ च्या नियमावलीनुसार व्यापारी संदेश पाठवणाऱ्याला दूरसंचार कंपनीच्या डीएलटी मंचावर (व्यापारी संदेशांच्या ऑनलाइन नोंदवहीत) संस्था म्हणून नोंदणी करावी लागते, संदेशावर दिसणारे नाव आणि संदेशाचा साचा दोन्ही मंजूर करून घ्यावे लागतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून संदेशात दुवा द्यायचा असेल तर तोही आधी नोंदवलेला असावा लागतो. खासगी सिमवरून शेकडो शेतकऱ्यांना जाहिरातीचे एसएमएस पाठवणे हा नियमभंग आहे. कोणी १९०९ या नकोशा संदेशांच्या तक्रार क्रमांकावर तक्रार केली तर जोडणी तोडली जाऊ शकते. २०२५ च्या दुरुस्तीपासून पाठवणाऱ्याच्या नावापुढे प्रचाराच्या संदेशाला "पी" आणि सेवेच्या संदेशाला "एस" हे अक्षर लागते, त्यामुळे वाचणाऱ्यालाही फरक दिसतो.

हा फरक तुम्हीही मनाशी नीट ठेवा. शेतकऱ्याने जाहिरात पाहून स्वतः विचारणा केली आणि तुम्ही त्या विचारणेचे उत्तर दिले, ही एक गोष्ट झाली. तोच क्रमांक वहीत उतरवून घेऊन पुढे रब्बीत हरभऱ्याच्या बियाण्याचा प्रचार करणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला त्याची स्पष्ट संमती लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चाही रोख हाच आहे : माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरावी, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. जाहिरातीतच बारीक अक्षरांत, पण वाचता येईल अशी, एक ओळ छापा की या क्रमांकावर संपर्क केल्यास केवळ मागितलेली माहिती पाठवली जाईल.

एसएमएसच्या लांबीचाही हिशेब आधी करा. एका संदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजीत १६० अक्षरे, देवनागरीत फक्त ७०. त्यापुढे गेलात की संदेशाचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हे बसतात आणि पैसे तुकड्यांवर लागतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जाते. "शेतकऱ्यांसाठी" हा शब्द आपल्याला सहा अक्षरांचा दिसतो, पण तेथे १३ चिन्हे मोजली जातात. अनुदानाची सगळी माहिती एसएमएसमध्ये कोंबू नका. दुकानाचे नाव, "चौकशी मिळाली, आज संध्याकाळपर्यंत फोन करतो" आणि क्रमांक, एवढे पुरे.

शब्द टाइप करून एसएमएस करण्याची पद्धत आता मला पटत नाही. मिस्ड कॉल मात्र अजून टिकून आहे. बंगळूरच्या झिपडायल कंपनीने २०१० पासून याच सवयीवर व्यवसाय उभा केला आणि २०१५ मध्ये ट्विटरने ती कंपनी विकत घेतली. तेव्हा लोक कॉलचे पैसे वाचवत. आता बहुतेकांचे कॉल पॅकमध्येच येतात, तरीही लिहायचे काही नाही आणि फोन साधा असला तरी जमते, ही सोय उरलीच आहे.

उत्तर ३ (शेतकरी, केज, जि. बीड)

दादा, मी जाहिरात वाचणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आमच्या गावात पेपर घरोघर येत नाही. हॉटेलात एक आणि सलूनमध्ये एक येतो, आणि दुपारपर्यंत तो दहा हातांतून फिरलेला असतो. चहाचे डाग पडलेल्या, कोपरा फाटलेल्या पेपरवरचा कोड माझा मुलगा स्कॅन करील. माझे वडील करणार नाहीत, पण ठिबक घ्यायचे की नाही हे ठरवणारे तेच आहेत. त्यामुळे कोड अवश्य टाका, मात्र त्याच्या शेजारी मोबाइल क्रमांक मोठ्या, ठळक आकड्यांत छापा. पाच-पाच आकड्यांचे दोन गट केले तर चष्मा नसलेल्यालाही दुसऱ्याला वाचून दाखवता येतो. क्रमांकाखाली "मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करू" असे स्वच्छ मराठीत लिहा.

पण माझे खरे म्हणणे वेगळे आहे. मागे एका जाहिरातीवरच्या क्रमांकावर मी संपर्क केला होता. उत्तरादाखल कंपनीची इंग्रजी माहितीपुस्तिका आली; किंमत, माल शिल्लक आहे की नाही, यातले काही नव्हते. पुढे मात्र महिनोन्महिने शुभ सकाळचे आणि सणांचे संदेश येत राहिले. मी तो क्रमांक ब्लॉक केला. शेतकरी पेरणीच्या तोंडावर विचारतो तेव्हा त्याला त्याच दिवशी उत्तर हवे असते, कारण पाऊस पडला की त्याचा निर्णय झालेला असतो. आम्ही काय विचारतो तेही सांगतो. एका एकराला दोन सरींमधले अंतर धरून खर्च किती? अनुदान कापून हातचे किती घालावे लागतील? अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के, त्यावर राज्याचे पूरक अनुदान, हे ऐकून सगळ्यांना माहीत आहे. पण पैसे आधी आपण भरायचे की दुकानदार थांबणार, हे कोणीच जाहिरातीत सांगत नाही. सातबारा, आठ-अ आणि शेतकरी ओळख क्रमांक लागतो, हे एका आवाजी संदेशात सांगितलेत तरी चालेल. वडील वाचण्यापेक्षा ऐकणे पसंत करतात.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. केजच्या दादांचे म्हणणे मनाला लागले. आवाजी संदेशाची कल्पना मला सुचलीच नसती. आता असे ठरवतो की कोडची जागा लहान न करता कंपनीचे चिन्ह लहान करायचे, क्रमांक ठळक छापायचा आणि उत्तर देण्यासाठी हंगामात एक माणूस केवळ याच कामावर बसवायचा. दोन शंका उरतात. मिस्ड कॉल देणारा कोणत्या आवृत्तीतून आला, हे कसे ओळखावे? आणि व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीतून (ब्रॉडकास्ट लिस्ट) पुढे संमती दिलेल्यांना भाव कळवता येतील का?

उत्तर १ (लातूर)

मिस्ड कॉलसाठी प्रत्येक आवृत्तीला वेगळा क्रमांक द्यावा लागेल. तेवढी सिम सांभाळणे शक्य नसेल तर परत फोन करताना "कोणता पेपर, कुठे वाचलात?" हे आधी विचारून वहीत खूण करावी. गाव विचारले तर त्यातून आणखीही कळते, कारण पेपर एका गावातून दुसऱ्या गावात पाहुण्यांबरोबरही जातो. प्रसारण यादीत एका वेळी २५६ जण घेता येतात, पण ज्यांनी तुमचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून पहिल्या फोनवरच, भाव कळवलेले चालतील का हे विचारून, दुकानाचे नाव जतन करण्याची विनंती करावी.

आणि जाहिरात मंजूर करताना पीडीएफवर कोड तपासून समाधान मानू नका. पडद्यावर तो नेहमीच चालतो. पेपरच्याच कागदावर काढलेली प्रत मागा, ती चुरगाळून पुन्हा सरळ करा आणि दुकानातल्या सर्वांत जुन्या फोनने, दिवेलागणीच्या उजेडात स्कॅन करून पाहा. तेथे अडले तर आकार वाढवून घ्या, आणि मगच सही करा.