रविवारची बेळगाव ते मंगेशी-कवळे (गोवा) देवदर्शनाची बस: रूट पक्का करा

देसाई काकू: चोर्ला घाटानं का अनमोड घाटानं? चार दिवस विचारायलेय. डब्याचं ठरवायचं आहे.

किणेकर: चोर्ला. जांबोटी, कणकुंबी, केरी, साखळी.

पाटील सर: पणजीला जायचं असतं तर ठीक. आपली देवळं फोंड्याकडं, तिकडं जायलोय ओ. खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मोले, सरळ फोंडा.

किणेकर: अनमोडला ट्रकामागं अडकलं की बसा हरी हरी करत.

कुलकर्णी काका: उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी. घाटात घेऊन उपयोग नाही.

जोशी वहिनी: शक्ती योजनेत बायकांना बस फुकट आहे ना, आधार कार्ड दाखवून चालेल का? 😄

किणेकर: भाड्याची बस आहे वहिनी. आणि सरकारी असती तरी शक्ती कर्नाटकापुरतीच, गोव्याच्या तिकिटाला नाही.

पाटील सर: रूट सोडा, परमिट बघितलं का? ऑल इंडिया टुरिस्ट परमिट नसेल तर गोव्याचं स्पेशल काढावं लागतंय. प्रवाशांची यादी ड्रायव्हरजवळ हवी. नावं अजून अकराच आलीत.

मुतगेकर: नावं देतो, आधी सीट सांगा. पुढच्या दरवेळी ‘ए’ विंगलाच कशा?

जोशी वहिनी: लहान मुलं आहेत म्हणून, भाऊ.

मुतगेकर: असू दे. आमची मुलं मोठीच जन्मली.

पाटील सर: ज्याला गाडी लागते त्याला दोन्ही चाकांच्या मधली सीट. मागच्या चाकामागचा भाग वळणावर जास्त फेकतो. मोबाइल बंद: डोळ्याला समोरची सीट स्थिर दिसते, कानाला वळण कळतं, तिथंच मळमळ सुरू. डिसेंबरात जाताना ऊन डाव्या खिडकीला.

कुलकर्णी काका: गोळी तासभर आधी. झोप येते. काचबिंदू, प्रोस्टेटवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

जोशी वहिनी: वाचलं काका 🙏

किणेकर: ड्रायव्हरला एवढंच सांगा, चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरवर उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ड्रम तापतो, लायनिंग पकड सोडतं. जळका वास आला की गाडी बाजूला घ्यायची, थंड होऊ द्यायची. गरम ड्रमावर पाणी ओतायचं नाही, तडकतो.

मुतगेकर: येताना डिकीत बाटल्या नकोत. चेकपोस्टला सगळ्यांना खाली उतरवतील.

जोशी वहिनी: देवाला जायलोय ना आपण?

मुतगेकर: म्हणूनच सांगायलोय.

देसाई काकू: अनमोड धरून इडल्या वाफवते. तेलकट काही नाही. चटणी कोरडी, ओली दुपारपर्यंत विटते.

कुलकर्णी काका: गोळी इडलीनंतर घेतली तरी चालेल, पण तासभर आधी.

मुतगेकर: सीटचं राहिलं.