डंपर ऑपरेटरची कंबरदुखी: सीटवर रीडिंग ०.९, ड्युटी वाटून भागेल का?

प्रश्न:
ओपनकास्ट कोळसा खाण, ६० टनी डंपर. सीटवर पॅड ठेवून घेतलेलं हादऱ्यांचं वेटेड रीडिंग (शरीराला जास्त लागणाऱ्या फ्रिक्वेन्सींना जास्त महत्त्व देऊन काढलेलं) उभ्या दिशेत ०.९ मी/से², पुढे-मागे ०.५, आडवं ०.४. त्याच वेळी केबिनच्या फ्लोअरवर उभं ०.७५. शिफ्टमध्ये प्रत्यक्ष चालवणं ६ तास. कंबरदुखीच्या तक्रारी वाढल्यात. दोन ऑपरेटर आलटून-पालटून बसवले तर पुरेल का?

उत्तर १:
नाही पुरणार. पुढे-मागे आणि आडवं, दोन्हींना १.४ ने गुणा: ०.७ आणि ०.५६. तिन्हींत मोठं ते धरायचं, म्हणजे हिशोब उभ्या ०.९ वरच. ८ तासांचं सरासरी मूल्य = ०.९ × √(६/८) = ०.७८. युरोपीय निर्देश २००२/४४ प्रमाणे ०.५ ला उपाय सुरू करायचे, १.१५ ही कमाल मर्यादा. वेळ निम्मा, ३ तास केलात तरी ०.५५ येतं, कारण वेळ वर्गमुळात जातो. तेच रीडिंग ०.६ वर आणलंत तर पूर्ण ६ तासांना ०.५२! आधी हादरा कमी करा, ड्युटी नंतर वाटा.

उत्तर २:
फ्लोअरला ०.७५ आणि सीटवर ०.९, म्हणजे सीटच हादरा १.२ पट करतेय. आधी तिच्याकडे बघा. स्प्रिंग सीटची स्वतःची फ्रिक्वेन्सी २ हर्ट्झच्या आसपास असेल, तर साधारण २.८ हर्ट्झच्या खालचे हेलकावे ती वाढवतेच. डंपरचे बरेच हेलकावे त्याच पट्ट्यात असतात, म्हणून स्वतःची फ्रिक्वेन्सी त्याहून कमी असलेली एअर सस्पेन्शन सीट घ्या. पण वजनाचा नॉब प्रत्येक ऑपरेटरने बसल्यावर फिरवलाच पाहिजे, सीट तिच्या वर-खाली हालचालीच्या मध्यावर हवी. ९० किलोवर लावलेल्या सीटवर ५५ किलोचा माणूस वरच्या स्टॉपरला टेकून राहतो. उलट असेल तर खड्ड्यात सीट तळाला आपटते. तो धक्का थेट मणक्यात. सीटच्या डँपरमधून (शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून) तेल गळत असेल तर नॉब फिरवून उपयोग नाही.

उत्तर ३:
सीटच्याही आधी हॉल रोड, म्हणजे डंपर ये-जा करतात तो खाणीतला रस्ता. पावसाळ्यात ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) थांबला की नाळ्या पडतात, लोडिंग पॉइंटजवळ सांडलेले दगड तसेच राहतात. रिकाम्या फेरीतला वेग मुद्दाम तपासा, कारण रिकामा डंपर जास्त उसळतो. टायरचा दाब थंड असतानाच बघा.

आणि रीडिंगमध्ये एकेकटे मोठे धक्के असतील, क्रेस्ट फॅक्टर (सर्वात मोठा धक्का सरासरीच्या किती पट) ९ च्या वर, तर सरासरी फसवते. तिथे मोठ्या धक्क्यांना जास्त वजन देणारी व्हायब्रेशन डोस व्हॅल्यू काढा: ९.१ ला उपाय, २१ ला थांबा.

शिफ्ट संपल्याबरोबर केबिनमधून उडी मारणं किंवा जड सामान उचलणं बंद करा. तासन् तास हादरलेला मणका त्या वेळी सर्वात कमकुवत असतो.