‘सेवापूर्ती’ की ‘सेवानिवृत्ती’?

प्रश्न: आमचे भाटवे (बहिणीचे यजमान) पाटबंधारे खात्यातून ३० जूनला रिटायर होताहेत. (शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जुलै ठोकून दिलेली. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीसच सुटतो.) नागपूरच्या महालातल्या प्रेसमधून पत्रिकेचं प्रूफ आलं, त्यावर ‘सेवापूर्ती सोहळा’. बहीण म्हणते, ‘सेवानिवृत्ती’च पाहिजे. नेमका फरक काय?

उत्तर: सरकारी आदेशात ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’ असंच येणार, तिथे पूर्ती-बिर्ती चालत नाही. पत्रिकेवर मात्र शाल-श्रीफळाचा मामला. ‘निवृत्ती’ ही मुळात ‘प्रवृत्ती’च्या उलट : मागे वळणं, संसारातून मन काढून घेणं. ज्ञानदेवांच्या थोरल्या भावाचं नाव निवृत्ती होतं, ते काही पेन्शनीचे कागद भरून नव्हे! अठ्ठावन्न पूर्ण होताच काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत राबायला निघणाऱ्याला तो शब्द जड जातो, म्हणून ‘पूर्ती’.

बोलताना तर दोन्ही कोणी वापरत नाही. सकाळी महाराजबागेत ऐका, ‘काय जी, रिटायर झाले म्हन्ते?’ आधीची पिढी ‘पेन्शनीत निघाले’ म्हणायची. लगेच पुढचा प्रश्न, ‘पेपर एजीला गेले का?’, कारण विदर्भातल्या सरकारी पेन्शनी इथल्या महालेखाकार कार्यालयातून मंजूर होतात.

आणखी एक: ‘सेवा’ जोडायची ती नोकरदारालाच. इतवारीतला कापडवाला सेवानिवृत्त होत नाही, गल्ला पोराच्या हाती देतो. शेतकरी नुसतं ‘आता होत नाही’ म्हणतो. क्रिकेटमध्ये वेगळीच गंमत. जामठ्याला फलंदाज ‘रिटायर्ड हर्ट’ झाला की पेपरात ‘जखमी होऊन निवृत्त’ छापतात, आणि तो बरा वाटलं तर पुन्हा खेळायला येऊ शकतो. हापिसात तशी सोय नाही.

प्रूफ तपासताना एवढं बघा : ‘सेवानिवृत्ती’त शेवटची वेलांटी दीर्घ, पण ‘निवृत्तिवेतन’मध्ये ‘त्ति’ ऱ्हस्व. पत्रिकांत हमखास चुकतं.

प्रश्नकर्ता: आभार. वर ‘सेवापूर्ती सोहळा’ ठेवला, खाली मजकुरात ‘सेवानिवृत्त होत आहेत’. बहीण राजी. भाटव्यांना विचारलं, तर ते म्हणाले, काही बी लिहा, जेवण सावजीचं सांगा.